उतरवून घेणे आणि भरून घेणे

मराठी कवितेच्या पाठपरंपरेचा इतिहास सांगताना अभ्यासक हस्तलिखितांपासून आरंभ करतात, छापखान्यापर्यंत येतात आणि बहुधा तेथेच थांबतात. कविता एकदा छापली गेली की तिची प्रत करण्याचा प्रश्न संपला, असे आपण गृहीत धरलेले असते. वस्तुतः विसाव्या शतकातील मराठी कवितेचा मोठा भाग सामान्य रसिकापर्यंत पुस्तकातून गेलाच नाही. तो गाण्यातून गेला. तबकडी, आकाशवाणी, कॅसेट आणि सीडी ही त्या कवितेची पोथ्यापुस्तके होती. या कवितेची घराघरांत झालेली शेवटची मोठी नक्कल २००१ ते २०१० या दशकातली आहे. लोकांनी कपाटातल्या संगीताच्या सीडी संगणकात घातल्या, त्यांतली गाणी हार्डडिस्कवर घेतली आणि तेथून ती खिशात मावणाऱ्या हार्डडिस्क-प्लेअरमध्ये नेली. या घटनेची नोंद तंत्रज्ञानाच्या इतिहासात आहे, व्यापाराच्या इतिहासातही आहे. वाङ्मयेतिहासात ती आमच्या पाहण्यात नाही. ती तेथे असावी असे आम्हांस वाटते, कारण या नकलेत गाणे शाबूत राहिले, गायकाचे नाव बहुधा राहिले, आणि कवीचे नाव गळाले.

मराठीत या कामासाठी दोन क्रियापदे रूढ आहेत. पोथी 'उतरवून घेतात'. कॅसेट 'भरून घेतात'. पुढे पेनड्राइव्ह आणि प्लेअरही 'भरून' घेतले जाऊ लागले. उतरवून घेणाऱ्याचा डोळा आणि हात प्रत्येक अक्षरावरून जातो. भरून घेणाऱ्याला भांडे मोठे आहे की लहान एवढेच पाहावे लागते. या दोन क्रियापदांमधल्या अंतरात आमचा विषय सामावलेला आहे.

आम्ही लिहीत आहोत ते कोल्हारच्या बाजूने. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात नगर-मनमाड रस्ता जेथे प्रवरा ओलांडतो, तेथे नदीच्या दोन्ही तीरांवर हे गाव वसले आहे. अलीकडचे ते कोल्हार खुर्द, पलीकडचे कोल्हार बुद्रुक. मराठीतील प्रत-परंपरेचा विचार करण्यास ही जागा आडवळणाची वाटेल, पण तशी ती नाही. हीच प्रवरा खाली नेवाशाला जाते, आणि मराठीतील सर्वांत थोर ग्रंथाची पहिली प्रत नेवाशाला, याच नदीच्या काठी उतरवली गेली.

ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० च्या सुमारास पूर्ण झाली. ग्रंथाच्या अखेरीस रचनेचा शक आहे, स्थळाचा निर्देश आहे, कर्त्याचे आणि त्याच्या गुरुपरंपरेचे नाव आहे, आणि त्याबरोबरच तो ग्रंथ लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचेही नाव आहे. हे सारे मुखपृष्ठावर नाही. ग्रंथाच्या देहात, ओवीच्या छंदात आहे. त्यामुळे जो कोणी ज्ञानेश्वरीची पूर्ण प्रत करील, त्याला कर्ता, काळ, स्थळ आणि लेखनिक ही चारही अंगे आपोआपच उतरवावी लागतात. ती गाळायची तर ग्रंथच अपुरा ठेवावा लागेल. पुढे शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी प्रती ताडून ज्ञानेश्वरी शुद्ध केली, तेव्हा त्यांनीही ह्या कामाचा शक आणि त्याचे कारण ओवीतच नोंदवले, आणि यापुढे कोणी तिच्यात पदरची ओवी घालू नये असा इशाराही दिला. संपादकाची टीप ग्रंथाचाच भाग झाली.

अभंगांत हीच व्यवस्था अधिक सुटसुटीत रूपात दिसते. अभंग ही सुटी रचना आहे. ती कीर्तनातून, दिंडीतून, एकमेकांच्या वहीतून एकेकटी हिंडते. तिच्याबरोबर मुखपृष्ठ हिंडू शकत नाही. म्हणून कवी शेवटच्या चरणात आपली मुद्रा ठेवतो: नामा, जनी, चोखा, तुका. गाणारा निरक्षर असला तरी तो गाता गाताच कर्त्याचे नाव उच्चारतो. शाहिरांनी आपल्या लावण्या-पोवाड्यांत हेच केले, आणि ख्यालगायकीच्या बंदिशींतही 'सदारंग' या नावाने नियामतखाँ आणि 'गुणीदास' या नावाने जगन्नाथबुवा पुरोहित आजही गाण्यातून ओळखू येतात. जी रचना तोंडोतोंडी जाणार आहे तिचे नाव तिच्या अंगावरच गोंदून ठेवावे, हा या साऱ्यामागचा व्यवहारी शहाणपणा होय.

येथे साहित्याचे विद्यार्थी एक आक्षेप घेतील आणि तो रास्त आहे. मुद्रा हा कर्तृत्वाचा पुरावा मानता येत नाही. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामा आणि इतरही 'नामे' मिसळले आहेत, आणि तुकोबांच्या मुद्रेचे कितीतरी अभंग संशयित ठरले आहेत. संताजी जगनाडे यांच्या वह्या, देहू-पंढरपूरच्या प्रती ताडून पाहून १८६९ ते १८७३ या काळात शंकर पांडुरंग पंडित आणि विष्णु परशुराम शास्त्री पंडित यांनी गाथेची 'इंदुप्रकाश' प्रत सिद्ध केली. तरीही गाथ्यातील अभंगांच्या संख्येबद्दल एकमत झाले नाही ते नाहीच. म्हणजे मुद्रा नावाला गळू देत नाही, पण परक्या रचनेला त्या नावाखाली शिरण्यास वाव देते. हे मान्य करूनही आम्ही असे म्हणू की हे दोन दोष सारखे नाहीत. नाव चुकीचे असले तर त्यावर वाद घालता येतो, प्रती ताडता येतात, प्रबंध लिहिता येतात. नावच नसेल तर वादाला जागाच उरत नाही.

आता ध्वनिमुद्रणाकडे वळू. ग्रामोफोन कंपनीचा तंत्रज्ञ फ्रेड गैसबर्ग १९०२ च्या अखेरीस कलकत्त्याला आला. त्या नोव्हेंबरात त्याने गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. त्या काळच्या तबकड्यांवर गाणे संपता संपता गायिका स्वतःच आपले नाव उच्चारते. याचे सर्वसाधारणपणे दिले जाणारे स्पष्टीकरण असे की मुद्रणे जर्मनीत हॅनोव्हरला पाठवली जात आणि तेथे तबकड्या छापल्या जात. तेथील कारागिरांना लेबलावर कोणाचे नाव घालायचे हे ऐकून कळावे म्हणून ही सोय होती. कलकत्त्यात सियालदहचा कारखाना १९०८ मध्ये निघाला, आणि पुढे ही प्रथा मागे पडली. आम्हांला यात लक्षणीय वाटते ते हे: यंत्राच्या पहिल्याच दिवसांत यंत्राला मुद्रेची गरज भासली. मात्र ही मुद्रा गाणाऱ्याची होती, रचणाऱ्याची नव्हती. कर्तृत्वाचा मान कवीकडून गायकाकडे सरकल्याची ही पहिली खूण म्हणता येईल.

तबकडीच्या मध्यावर कागदी लेबल होते. त्यावर गाण्याचा आरंभ, गायकाचे नाव, नाटकाचे वा रागाचे नाव आणि तबकडीचा क्रमांक असे. लेबलालगतच्या कोऱ्या पट्ट्यात मुद्रणाचा क्रमांक उमटवलेला असे. त्यावरून आजही संग्राहक मुद्रणाचा काळ ठरवतात. हे कागदी लेबल तबकडीपासून सहज वेगळे होत नाही. तबकडी विकली, वारशात गेली, चोरबाजारात पोहोचली तरी नाव तिच्याबरोबर जाते. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' या संस्थेने जी सूचिकार्याची परंपरा जोपासली, ती या चिकट कागदाच्या आधारावरच उभी आहे.

याच तबकडीने मराठीत एक नवा वाङ्मयप्रकार घडवला. १९३० नंतरच्या वर्षांत जी. एन. जोशी यांनी ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता गायिली, आणि भावगीत हे तबकडीच्या तीन मिनिटांत बसणारे, एका कवीचे, एका भाववृत्तीचे गाणे म्हणून रूढ झाले. मात्र भावगीत लिहिणारा कवी आधुनिक कवी होता. केशवसुतांनंतरच्या कवीने आपले नाव कवितेच्या आतून काढून बाहेर, पुस्तकाच्या पृष्ठावर नेले होते. शेवटच्या ओळीत स्वतःचे नाव घालणे त्याला जुनाट, किंबहुना हास्यास्पद वाटले असते. त्याने मुद्रा सोडली ती छापील पानाच्या भरवशावर. आणि त्याची कविता मात्र गाणे होऊन पुन्हा त्याच तोंडोतोंडीच्या रस्त्याला लागली, जेथे पान बरोबर जात नाही. आमच्या मते आजच्या प्रश्नाचे मूळ येथे आहे, हार्डडिस्कमध्ये नाही.

मधली काही दशके हा प्रश्न जाणवला नाही, त्याचे श्रेय आकाशवाणीच्या निवेदकाला दिले पाहिजे. गाण्याआधी वा गाण्यानंतर कवी, संगीतकार आणि गायक अशी तीन नावे सांगण्याचा शिरस्ता नभोवाणीने रुजवला. पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ रोजी सुरू झालेल्या 'गीतरामायणा'ची छप्पन्न गीते वर्षभर ऐकणाऱ्या श्रोत्याला गदिमा आणि सुधीर फडके ही दोन नावे वेगळी करता येत नव्हती, इतकी ती बरोबरीने उच्चारली गेली. १९५७ मध्ये 'विविध भारती' आली तेव्हा तिनेही ही रीत सांभाळली. पुस्तक विकत न घेणाऱ्या माणसालाही शांता शेळके, सुरेश भट, जगदीश खेबुडकर ही नावे ठाऊक झाली ती कानांनी. पोथीच्या लेखनिकाचे काम निवेदक करीत होता. तो नाव नव्याने लिहीत नव्हता, पण प्रत्येक वेळी नव्याने उच्चारीत होता.

फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये आणलेली कॅसेट आपल्याकडे १९८० च्या दशकात सर्वत्र झाली. या काळावर पीटर मॅन्युएल यांनी 'कॅसेट कल्चर' (१९९३) हा ग्रंथ लिहिला आहे. मोठ्या कंपन्यांची मक्तेदारी मोडून प्रादेशिक आणि लोकसंगीताला कॅसेटने कशी वाट करून दिली, हे त्यात पाहावयास मिळते. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज रस्त्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत पोहोचले ते कॅसेटमुळे. त्याच वेळी कॅसेटने 'भरून देणाऱ्या' दुकानांनाही जन्म दिला. आपण आवडीच्या गाण्यांची यादी द्यायची, कोरी कॅसेट द्यायची, आणि दोन दिवसांनी भरलेली कॅसेट आणायची. यादीत गाण्याचे पहिले शब्द असत, फार तर चित्रपटाचे नाव. कॅसेटच्या खोक्यातल्या रेघांच्या कागदावर तेवढेच उतरे.

या काळात एक उदाहरण आमच्या दृष्टीने फार बोलके आहे. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे लोककवी वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांची भीमगीते गावोगावच्या गायनपार्ट्यांनी गायिली, कॅसेटींवर आली, त्या कॅसेटींवरून पुन्हा भरली गेली. आंबेडकरी जलशांच्या आणि गायनपार्ट्यांच्या परंपरेने शाहिराची मुद्रा सोडलेली नव्हती. कवीचे नाव शेवटच्या कडव्यात येत असे. खोक्यावरचा कागद हरवला, आवाज कितव्या तरी नकलेने खरखरीत झाला, तरी शेवटच्या कडव्यात 'वामन' ऐकू येत राहिला. त्याच दुकानात भरलेल्या भावगीतांच्या कॅसेटीत कवीचे नाव सांगणारे काहीच नव्हते. ज्या परंपरेला शिष्ट साहित्याने बराच काळ आपल्या बाहेर ठेवले, तिने आपल्या कवीचे नाव अधिक चांगले राखले, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

सीडीचे मानक १९८० मध्ये सोनी आणि फिलिप्स यांनी ठरवले आणि १९८२ मध्ये ती जपानात बाजारात आली. दर सेकंदाला ४४,१०० वेळा घेतलेले १६ बिटांचे नमुने, दोन वाहिन्या. याचा अर्थ मिनिटाला सुमारे १० मेगाबाइट. ध्वनीच्या बाबतीत इतक्या काटेकोर असलेल्या या मानकात एका गोष्टीसाठी मुळात जागाच ठेवलेली नव्हती: नावासाठी. सीडीवर गाणी किती आणि प्रत्येक गाणे कोठून सुरू होते एवढेच लिहिलेले असते. १९९६ मध्ये नावे साठवण्याची सोय जोडली गेली, पण तिचा वापर थोड्याच सीडींवर झाला. नाव राहिले ते वेष्टनावरच्या कागदावर. तबकडीचे लेबल तबकडीला चिकटलेले होते. सीडीचा तपशील प्लास्टिकच्या डबीत सुटा ठेवलेला होता.

जोवर सीडी सीडी म्हणून वाजत होती तोवर हे चालून गेले. १९९९ मध्ये सुमारे पाच गिगाबाइट हार्डडिस्क असलेला 'पर्सनल ज्यूकबॉक्स' हा प्लेअर आला, आणि २३ ऑक्टोबर २००१ रोजी अॅपलने पहिला आयपॉड जाहीर केला. त्याचीही हार्डडिस्क ५ गिगाबाइटची होती. एमपीथ्री पद्धतीने कानाला सहसा न जाणवणारे ध्वनी वगळून गाणे सुमारे एक-दशांश आकारात बसवता येई, त्यामुळे एक हजार गाणी खिशात मावतील असे अॅपलने सांगितले. हजार गाणी म्हणजे शंभरेक सीडींचे कपाट. यावर जाणकारांत वाद झाला तो आवाजाचा: तानपुऱ्याचा नाद बारीक होतो का, वरचे स्वर बोथट होतात का. नावांचे काय होते, याची चर्चा क्वचितच झाली.

ते असे होत होते. संगणकाने सीडी उघडली की त्याला नावे दिसत नसत. 'ट्रॅक ०१', 'ट्रॅक ०२' असे क्रमांक दिसत. संगणक इंटरनेटला जोडलेला असेल तर गाण्यांच्या आरंभबिंदूंवरून एक ओळख-संख्या काढली जाई आणि ती दूरच्या एका सूचीत शोधली जाई. 'सीडीडीबी' नावाची ही सूची टी कान आणि स्टीव्ह शेर्फ यांनी १९९० च्या दशकात उभी केली होती, आणि तिच्यातील नोंदी जगभरच्या श्रोत्यांनीच टंकलेल्या होत्या. ज्याने ती सीडी तुमच्याआधी संगणकात घातली, त्याने जे लिहिले ते तुम्हांला मिळाले. म्हणजे मराठी भावगीतांच्या सीडीला नाव मिळे ते कोणा अनामिक श्रोत्याने, बहुधा रोमन लिपीत, सवडीप्रमाणे लिहिलेले. सच्चिदानंदबाबांचे काम त्याच्याकडे आले होते. मात्र आपण लेखनिक आहोत याची जाणीव त्याला कोणी करून दिलेली नव्हती.

त्याला दिलेले पानही अरुंद होते. एमपीथ्री फाइलच्या शेवटी नावे जोडण्याची 'आयडीथ्री' ही पद्धत १९९६ मध्ये निघाली. तिच्यात एकूण १२८ बाइटांची जागा होती: शीर्षकाला ३०, कलावंताला ३०, अल्बमला ३०, वर्षाला ४, शेऱ्याला ३० आणि प्रकाराला १. कवीसाठी कप्पा नव्हता, संगीतकारासाठीही नव्हता. देवनागरीचे एक चिन्ह युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत ३ बाइट घेते; 'ज्ञानेश्वरी' हा एक शब्द ११ चिन्हांचा, म्हणजे ३३ बाइटांचा होतो. तीस बाइटांच्या कप्प्यात ज्ञानेश्वरीचे नावही पुरते मावत नाही! प्रकारांच्या मूळ यादीत ८० प्रकार होते. त्यांत अभंग, लावणी, नाट्यगीत, भावगीत यांपैकी काहीच नव्हते. आपल्या साऱ्या गाण्याला 'एथ्निक' किंवा 'अदर' या दोन खोल्या मोकळ्या होत्या. १९९८ मध्ये या पद्धतीची दुसरी आवृत्ती आली. तिच्यात संगीतकारासाठी आणि शब्द लिहिणाऱ्यासाठीही स्वतंत्र कप्पे आहेत, हे न्यायाने सांगितले पाहिजे. जागा तेव्हापासून आहे. ती भरणारा नव्हता.

कोल्हारात आमच्या घरी २००६ च्या उन्हाळ्यात दीडेकशे सीडी अशा रीतीने प्लेअरमध्ये गेल्या. घरच्या संगणकाला इंटरनेट नव्हते, त्यामुळे नावे हातानेच टंकावी लागली, आणि म्हणूनच हा प्रश्न आमच्या ध्यानी आला. एकेका सीडीचे ध्वनी उतरण्यास पाच-दहा मिनिटे लागत. नावे लिहिण्यास अर्धा तास लागे. वेष्टने पाहू जाता असे दिसले की पुढच्या बाजूस गायकाचे छायाचित्र आणि नाव मोठ्या अक्षरांत, मागे गाण्यांची यादी, आणि कवीचे नाव कोठे आतल्या पानावर बारीक अक्षरांत, तर निवडक गाण्यांच्या संकलनांवर अनेकदा कोठेच नाही. घरात रेडिओ ऐकत वाढलेली वडील मंडळी होती. कित्येक कवींची नावे वेष्टनावरून मिळाली नाहीत, ती त्यांच्या स्मरणातून मिळाली. निवेदकाचा आवाज तेवढ्यापुरता पुन्हा उपयोगी पडला.

या कामात ज्या अडचणी येतात त्या साहित्याच्या वर्गात शिकवाव्या अशा आहेत. आशा भोसले हे नाव रोमन लिपीत दोन प्रकारे आणि देवनागरीत एक प्रकारे लिहिले की प्लेअरला तीन गायिका दिसतात. हा पाठभेदाचा धडा आहे. शांता शेळके यांनी काही चित्रपटगीते 'डॉ. वसंत अवसरे' या नावाने लिहिली. मग कवीच्या कप्प्यात कोणते नाव लिहावे? चिं. त्र्यं. खानोलकर की आरती प्रभू? लता मंगेशकर यांनी 'आनंदघन' या नावाने संगीत दिले. एकाच गाण्यात एकच व्यक्ती दोन कप्प्यांत दोन नावांनी येते, आणि दोन्ही नावे खरी आहेत. 'संगीत मानापमान' १९११ साली रंगभूमीवर आले. पदे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांची, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. त्यातले पद आजच्या एखाद्या गायकाच्या निवडक गाण्यांच्या सीडीवरून प्लेअरमध्ये गेले की 'कलावंत' तो गायक होतो, 'अल्बम' त्या संकलनाचे नाव होते, आणि 'वर्ष' संकलन निघाले ते होते. खाडिलकर, टेंबे, नाटक आणि १९११ ही चारही अंगे एका दमात पुसली जातात. गाणे मात्र निर्दोष वाजते! वाङ्मयेतिहासाची हानी इतक्या गोड आवाजात होऊ शकते, हे आधी कोणाच्या मनात आले नसेल.

कायद्याने तरी हे नाव जपले आहे काय? १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याचे ५७ वे कलम कर्त्याला आपले कर्तृत्व सांगण्याचा अधिकार देते, आणि हक्क विकल्यावरही तो उरतो. परंतु १९८४ मध्ये घातलेले ५२-अ हे कलम पाहावे. ध्वनिमुद्रणावर आणि त्याच्या वेष्टनावर तीन गोष्टी छापल्याच पाहिजेत असे ते सांगते: मुद्रण करणाऱ्याचे नाव व पत्ता, हक्काच्या मालकाचे नाव व पत्ता, आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष. कवी आणि संगीतकार यांची नावे या यादीत नाहीत. कलमाचा रोख नकली कॅसेटींवर होता, हे समजण्यासारखे आहे. पण परिणाम असा की मालाचा मालक वेष्टनावर अनिवार्य झाला आणि शब्दांचा धनी ऐच्छिक राहिला. २०१२ च्या दुरुस्तीने दोन महत्त्वाचे बदल केले. गीतकार आणि संगीतकार यांचा मानधनातील वाटा सहजी काढून घेता येणार नाही अशी तरतूद झाली. आणि खाजगी वापरासाठी रास्त उपयोग करण्याची जी मुभा पूर्वी साहित्य, नाट्य, संगीत व कलाकृतींपुरती शब्दबद्ध होती, ती संगणक-आज्ञावली सोडून सर्व कृतींना लागू झाली, म्हणजे ध्वनिमुद्रणांनाही. स्वतःच्या सीडीची स्वतःसाठी प्रत करणाऱ्याला त्यामुळे पूर्वीपेक्षा भक्कम आधार मिळाला. पण तोवर बहुतेक कपाटे भरून झाली होती. हार्डडिस्कचा आयपॉड २०१४ मध्ये बंद झाला, आणि २०२२ मध्ये आयपॉड हे नावच बाजारातून गेले.

या सगळ्यातून केवळ निराशाच हाती येते असे मात्र नाही. नव्या शतकाच्या पहिल्याच दशकात अलका विभास यांनी 'आठवणीतली गाणी' हा संग्रह महाजालावर उभा केला. तेथे प्रत्येक गाण्याखाली गीत, संगीत, स्वर अशा तीन ओळी देवनागरीत असतात. आकाशवाणीच्या निवेदकाची ती लिखित रूपातील पुनःस्थापना आहे. त्याहून अवघड काम जात्यावरच्या ओव्यांचे. गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यात राहून हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बर्नार बेल यांनी त्यांतल्या काहींचे ध्वनिमुद्रण केले. २०१७ पासून 'पारी' हा उपक्रम त्या प्रकाशात आणीत आहे. जात्यावरची ओवी ही कोणा एकीची नसते, ती सगळ्यांची असते, असे आपण म्हणत आलो. या संग्रहाने तरीही गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव ओवीबरोबर लिहिले. सामूहिक रचनेतही नाव टिपता येते, तर भावगीताच्या कवीचे का येऊ नये?

आज गाणी कपाटात नाहीत आणि प्लेअरमध्येही नाहीत. ती दूरच्या यंत्रांत आहेत, आणि आपण ती नुसती ऐकतो. पण त्या यंत्रांतही गाण्याबरोबर कप्पेच आहेत, आणि पडद्यावर प्रथम गायकाचा कप्पा दिसतो. ज्या हार्डडिस्कांवर २००१ ते २०१० या काळात गाणी भरली गेली, त्या अजून पुष्कळ घरांत पडून आहेत. हार्डडिस्क हे फिरते यंत्र आहे. ते पोथीसारखे तीनशे वर्षे माळ्यावर टिकत नाही. रेडिओवर नावे ऐकलेली पिढीही आता वृद्ध झाली आहे. यंत्र आणि स्मरण या दोहोंची मुदत एकाच सुमारास संपत आली आहे, ही या विषयाची निकड आहे.

म्हणून मराठीच्या प्राध्यापकांना आमची एक सूचना आहे. पाठचिकित्सा शिकवताना विद्यार्थ्याच्या हाती एखादे हस्तलिखित देणे सर्वच महाविद्यालयांना शक्य नसते. घरातली एक जुनी हार्डडिस्क देणे शक्य आहे. तिच्यातली पन्नास भावगीते घ्यावीत. प्रत्येकाचा कवी, संगीतकार, मूळ मुद्रणाचे वर्ष शोधावे. कवितासंग्रहातील छापील पाठ आणि गायिलेला पाठ ताडून पाहावा, कारण कडवी गाळलेली आणि शब्द बदललेले पुष्कळदा सापडतात. घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे. आणि मिळालेली नावे त्या १९९८ पासून रिकाम्या असलेल्या कप्प्यांत देवनागरीत लिहावीत. शेवटी शेऱ्याच्या जागी नोंद करणाऱ्याने आपले नाव, गाव आणि दिनांकही लिहावा. प्रवरेच्या काठी ही रीत सात शतकांपूर्वी पडलेली आहे.